सीमाभागातून हिटलरकडे पाहताना

आमच्या बेळगाव भागात ‘हिटलर’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि दोन्ही वेळा बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खरा हिटलर नसतो. कडक मुख्याध्यापकांना, धाकात ठेवणाऱ्या वडिलांना, सगळे घर मुठीत ठेवणाऱ्या सासूला हिटलर म्हणतात आणि त्या म्हणण्यात भीतीइतकेच कौतुकही असते. दुसरा अर्थ एक नोव्हेंबरला ऐकू येतो. त्या दिवशी शहरात एकीकडे कर्नाटकच्या राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे, हा मराठी भाग महाराष्ट्राऐवजी कर्नाटकाला जोडला गेला म्हणून, मराठी माणसे काळा दिन पाळतात. त्या दिवशीच्या भाषणांत ‘हिटलरशाही’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि समोरच्या बाजूच्या भाषणांतही, आमच्याविषयी बोलताना, तो वापरलेला ऐकला आहे.

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने मोबाइलच्या स्टेटसवर हिटलरचे छायाचित्र ठेवले. खाली शिस्त आणि देशप्रेम यांविषयी एक वाक्य होते. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत गल्लीतला किल्ला करताना सर्वांत पुढे असतो, शेजारचे कुणी आजारी पडले तर मध्यरात्री दवाखान्यात घेऊन जातो, त्याचे निम्मे मित्र घरी कन्नड बोलतात आणि कुणाचा द्वेष करणे त्याच्या स्वभावातच नाही. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “काका, सुप्रीम कोर्टात केस घालून वीस वर्षं झाली. काय मिळालं आपल्याला? हिटलरसारखा एक माणूस असता तर सीमाप्रश्न आठ दिवसांत मिटला असता बघा.”

त्याच्या बोलण्यातला पहिला भाग खरा आहे. महाराष्ट्राने २००४ साली दावा दाखल केला आणि तेव्हा जन्मलेली मुले आज मतदान करतात. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आमच्या चार पिढ्या या प्रश्नात गेल्या; जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला आणि हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी आम्ही आजही दरवर्षी उभे राहतो. इतकी वर्षे वाट पाहणाऱ्या समाजातल्या तरुणाला झटपट निकाल लावणाऱ्या माणसाचे आकर्षण वाटावे, हे मला समजते. त्याच्या वाक्याचा दुसरा भाग मात्र इतिहासाने तपासून पाहिलेला आहे. हिटलर होता, भाषेच्या सीमेवर अडकलेली त्याचीच भाषा बोलणारी माणसे होती आणि त्यांचा प्रश्न त्याच्यापुढे होता. त्याने त्या माणसांचे काय केले ते मी पुढे सांगणारच आहे. त्याआधी हे छायाचित्र आमच्या मुलांच्या हातात आले कसे, ते पाहायला हवे.

बसस्थानकाजवळच्या पुस्तकांच्या गाड्यावर व्यक्तिमत्त्व विकास, स्पर्धा परीक्षा आणि श्रीमंत होण्याचे मार्ग यांच्या रांगेतच हिटलरचे ‘माइन काम्फ’ मांडलेले असते आणि त्यावर कसलीही टीप किंवा प्रस्तावना नसते. चिकाटीने वर आलेल्या माणसाचे चरित्र म्हणून मुले ते घेतात. नव्या मुंबईत २००६ साली एका उपाहारगृहाला आणि अहमदाबादेत २०१२ साली कपड्यांच्या एका दुकानाला हिटलरचे नाव दिले गेले होते. दोन्ही ठिकाणी आक्षेप घेतला गेला, तेव्हा आपण काही वावगे केले आहे हे मालकांना आधी ठाऊकच नव्हते असे दिसले. हिंदी चित्रपटाने हिटलरच्या मिशीचा विनोदी जेलर केला आणि आमची एक अख्खी पिढी त्याच्यावर हसली. त्या विनोदाचे मूळ चार्ली चॅप्लिनच्या १९४० च्या चित्रपटात आहे. चॅप्लिनने तो हिटलर सत्तेवर असताना, त्याला विरोध म्हणून काढला आणि तरीही पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले की छळछावण्यांमधली खरी भीषणता तेव्हा ठाऊक असती तर आपल्याला तो चित्रपट करता आला नसता. आम्ही चॅप्लिनकडून मिशी घेतली, ही खंत घेतली नाही.

यामागे आणखी एक जुने कारण आहे. इंग्रज आमच्यावर राज्य करत होते, हिटलर इंग्रजांशी लढत होता आणि सुभाषबाबू मदतीसाठी बर्लिनला गेले होते, एवढ्यावरून तो आपला मित्र असला पाहिजे असा समज घराघरांत रुजला. ज्या पुस्तकाला आमची मुले प्रेरणादायी समजतात, त्याच पुस्तकात हिटलरने भारताच्या स्वातंत्र्य चळवळीची हेटाळणी केली आहे आणि भारत दुसऱ्या कुणाच्या ताब्यात जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच अमलाखाली राहिलेला आपल्याला बरा वाटेल, असे स्पष्ट लिहिले आहे. १९३७ साली भेटीला आलेल्या, भारताचे व्हाइसरॉय राहिलेल्या लॉर्ड हॅलिफॅक्सना त्याने गांधींना गोळी घालण्याचा सल्ला दिला होता. मे १९४२ मध्ये सुभाषबाबूंची त्याच्याशी भेट झाली, तेव्हा भारताच्या स्वातंत्र्याला जाहीर पाठिंबा देण्याची त्यांची मागणी त्याने मान्य केली नाही. सुभाषबाबू पुढच्याच वर्षी जर्मनी सोडून पूर्वेकडे गेले.

बेळगावच्या माणसाने या संदर्भात एक साल आवर्जून लक्षात ठेवावे, असे मला वाटते. ते साल १९२४. त्या वर्षी २० डिसेंबरला हिटलर लांड्सबर्गच्या तुरुंगातून सुटला. बंड करून सरकार उलथवण्याच्या प्रयत्नाबद्दल त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली होती, ती निकालानंतर नऊ महिन्यांतच संपली आणि त्या काळात त्याने आपल्या पुस्तकाचा पहिला भाग सिद्ध केला. त्यानंतर सहाच दिवसांनी, २६ डिसेंबरला, आमच्या टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. तेही त्याच वर्षी तुरुंगातून सुटले होते. लेख लिहिल्याबद्दल त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि येरवड्यात असताना तेही एक पुस्तक सांगून लिहवून घेत होते, दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचे. एकाच काळात तुरुंगात सांगितल्या गेलेल्या या दोन पुस्तकांपैकी ज्याच्या लेखकाने आमच्या शहरात येऊन अस्पृश्यता, चरखा आणि हिंदू-मुस्लिम ऐक्य यांविषयी भाषण केले, ते पुस्तक मला त्या गाड्यावर कधी दिसलेले नाही.

आता पुतण्याच्या वाक्याकडे येतो. इटलीच्या उत्तर टोकाला, आल्प्सच्या कुशीत दक्षिण टिरोल नावाचा प्रदेश आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत तो ऑस्ट्रियात होता, तिथली बहुसंख्य माणसे जर्मन बोलत आणि १९१९ च्या तहाने, त्यांना कुणीही न विचारता, तो इटलीला जोडला गेला. १९२२ साली मुसोलिनी सत्तेवर आला आणि दुसऱ्याच वर्षी एत्तोरे तोलोमेई नावाच्या त्याच्या समर्थकाने बोल्झानो शहरात बत्तीस कलमांचा कार्यक्रम जाहीर केला. गावांची, नद्यांची, डोंगरांची नावे इटालियन करण्यात आली. ‘टिरोल’ हे नावच वापरायला बंदी झाली. शाळांतून जर्मन काढून टाकली, जर्मन शिक्षकांना घरी बसवले किंवा दूर दक्षिणेत पाठवले, कचेऱ्यांत आणि न्यायालयांत इटालियन सोडून दुसरी भाषा चालेना. शेवटी थडग्यांच्या दगडांवरही नवी अक्षरे इटालियनमध्येच कोरायची, असा हुकूम निघाला. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक बराच वेळ मिटून ठेवले होते. पाट्या, गावाचे नाव, शाळेची भाषा, सातबाऱ्याचा कागद, यांवर आयुष्य गेलेल्या माणसाला यातली कुठलीच गोष्ट परकी वाटत नाही.

त्या लोकांनी भूमिगत शाळा चालवल्या. धान्याच्या कोठारांत, माळ्यावर, शेतावरच्या खोल्यांत तरुण मुली चार-पाच मुलांना जमवून लपूनछपून जर्मन लिहायला-वाचायला शिकवत. त्यांपैकी अँजेला निकोलेत्ती हिला १९२७ साली तुरुंगात जावे लागले आणि १९३० मध्ये, पंचविशीतच, ती क्षयाने गेली. अशा लोकांनी १९३३ नंतर बर्लिनकडे आशेने पाहिले यात नवल नव्हते. जर्मन बोलणाऱ्या प्रत्येकाला एका राष्ट्रात आणण्याची घोषणा देणारा माणूस तिथे सत्तेवर आला होता. १९३८ मध्ये त्याने ऑस्ट्रिया घेतला, चेकोस्लोव्हाकियातला जर्मनभाषक सीमाभाग घेतला. आता आपली पाळी, असे दक्षिण टिरोलमध्ये अनेकांना वाटत होते.

हिटलरने मात्र या लोकांवर आपल्या पुस्तकातच पाणी सोडलेले होते, कारण त्याला मुसोलिनीची मैत्री हवी होती. मे १९३८ मध्ये रोमच्या भेटीत त्याने दोन देशांमधली आल्प्सची सीमा कायमची असल्याचे जाहीर सांगितले आणि जून १९३९ मध्ये बर्लिनमध्ये दोन्ही हुकूमशहांच्या अधिकाऱ्यांनी करार केला. जर्मन बोलणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ३१ डिसेंबरपर्यंत ठरवायचे होते: घर, शेत, गोठा, पूर्वजांची थडगी सोडून जर्मनीत निघून जायचे, किंवा इथे राहून इटालियन व्हायचे आणि भाषा विसरायची. ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांनी जाण्याचा पर्याय निवडला आणि सुमारे पंचाहत्तर हजार माणसे प्रत्यक्ष गेली. राहणाऱ्यांना शेजारी गद्दार म्हणू लागले, भाऊ भावाशी बोलेनासा झाला. हिटलरने सीमाप्रश्न असा मिटवला. सीमा होती तिथेच राहिली आणि माणसे उठवली गेली.

बेळगावच्या नकाशावर हे मांडून पाहिले म्हणजे त्याचा अर्थ अंगावर येतो. खानापूर, येळ्ळूर, निपाणी, उचगाव इथल्या मराठी घरांना सहा महिन्यांची मुदत देऊन सांगायचे, की महाराष्ट्रात चालते व्हा किंवा मराठी सोडा. आणि हे सांगणाऱ्या हुकुमावर सही मराठीचा कैवार घेणाऱ्या सर्वांत मोठ्या नेत्याची असायची. हुकूमशहाला माणसांच्या भाषेशी कर्तव्य नसते, ती भाषा बोलणारे किती उपयोगाचे आहेत एवढेच तो पाहतो. पोलंडमध्ये तर पर्यायही ठेवले नव्हते. तिथल्या जिंकलेल्या लोकांच्या मुलांना पाचशेपर्यंत आकडे आणि स्वतःचे नाव लिहिता आले की पुरे, वाचता येण्याची गरज नाही, असे नाझींच्या एसएस दलाचा प्रमुख हिमलर याने मे १९४० मध्ये लिहून ठेवले. त्याच पोलंडचा पूर्व भाग १९३९ साली गिळणाऱ्या दुसऱ्या हुकूमशहाने, स्टालिनने, ज्यांना सायबेरियाकडे हाकलले त्यांच्यापैकी सुमारे पाच हजार माणसे, मुख्यतः बायका आणि मुले, पुढे कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. बेळगावहून तिथे जायला अडीच तासही लागत नाहीत. पुतण्याला मी अजून तिथे नेलेले नाही, ते या सुट्टीत करायचे आहे.

दुसऱ्या वापराविषयी, म्हणजे ‘हिटलरशाही’ या शिवीविषयी, माझे म्हणणे आमच्या काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांना रुचणार नाही. दक्षिण टिरोलची सुरुवात वाचताना मला आमचे दिवस आठवले, हे मी लपवलेले नाही. तरीही आमच्यावर झाले आणि होते ते हिटलरशाही या नावाने सांगणे चूक आहे. आमची मराठी वृत्तपत्रे रोज निघतात, मराठी शाळा अपुऱ्या पण उघड्या आहेत, महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार निवडून आले आहेत, बेळगावला मराठी महापौर लाभले आहेत. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले अनुच्छेद ३५० अ आणि ३५० ब प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची जबाबदारी राज्यावर टाकतात आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र अधिकारी देतात. ते पाळले जात नसतील तर तसे म्हणून न्यायालयात जाता येते. कन्नडसक्ती, लाठीमार, मराठी परिपत्रके नाकारणे, पाट्या उतरवणे, हे नेमके शब्द आमच्याकडे आहेत आणि त्यांतला प्रत्येक शब्द पुराव्याने सिद्ध करता येतो. साठ लाख ज्यूंची पद्धतशीर हत्या करणाऱ्या, एकट्या आउश्वित्झमध्ये अकरा लाख माणसे मारणाऱ्या राजवटीचे नाव आपण पाट्यांच्या वादाला दिले, तर आपली तक्रार मोठी होत नाही आणि ती राजवट मात्र पाट्यांच्या वादाएवढी लहान होते. मुलांच्या मनात हिटलर म्हणजे जरा जास्त कडक सरकार, इतकेच उरते आणि त्या उरलेल्या प्रतिमेतूनच मग स्टेटसवरचे छायाचित्र येते. कौतुक आणि शिवी यांना मी म्हणूनच वेगळे मानत नाही.

स्वस्तिकाबद्दल थोडक्यात बोलले पाहिजे, कारण परदेशी गेलेली आमची मुले या प्रश्नाने गोंधळतात. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती कित्येक शतके उभी आहे आणि या जिल्ह्यातले जैन पूजेत तांदळाचे स्वस्तिक काढतात. त्याच्या चार भुजा देव, मनुष्य, तिर्यंच आणि नारकी या चार गती सांगतात. आमच्या उंबऱ्यावर, चोपड्यांवर, लग्नपत्रिकांवर ते आहेच. नाझी पक्षाने १९२० साली लाल झेंड्यावरच्या पांढऱ्या वर्तुळात तिरपे करून बसवलेले चिन्ह जर्मनमध्ये ‘हाकेनक्रॉइझ’, म्हणजे आकड्यांचा क्रूस, म्हणून ओळखले जाते. आपले चिन्ह आपण सोडण्याचे कारण नाही. मात्र ते आपले आहे म्हणून टी-शर्टवर, दुचाकीच्या टाकीवर ते लाल-पांढऱ्या-काळ्या रूपात मिरवणाऱ्याला ‘हे तर आपलेच स्वस्तिक’ असे म्हणून सोडून देणेही बरोबर नाही. ते रूप पाहून पळालेली माणसे अजून जिवंत आहेत. शिवाय मराठी ही मातृभाषा असलेले ज्यूही आहेत: कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल. हिटलरच्या यादीत ओव्या-अभंगांची भाषा बोलणारी ही माणसेही आली असती.

त्याच कोकणात, तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात, माणगावच्या बाजूला यशवंत घाडगे जन्मले. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आमच्या बेळगावात आहे, पहाटे कॅम्पातून जाताना जवानांची कवायत आम्ही रोज पाहतो, आणि तरीही या रेजिमेंटची माणसे इटलीत कुणाविरुद्ध लढली हे आमच्या शाळांत कुणी सांगत नाही. १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक घाडगे यांच्या तुकडीतले सगळे जवान मशीनगनच्या माऱ्यात पडले, तेव्हा ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, त्यांनी ते ताब्यात घेतले आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी मृत्यू पत्करला. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर नगर जिल्ह्यातल्या शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून वाहून सुरक्षित जागी नेले, मग परत जाऊन तीन मशीनगन बंद पाडल्या आणि बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठा पलटणीची शिवाजी महाराजांच्या जयघोषाची गर्जना करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समोर हिटलरचे सैन्य होते. ते परक्या राजासाठी लढले, हा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो मला पटत नाही. पगार कुणाचाही असो, त्या बांधावर ते कशाच्या विरुद्ध उभे होते ते बदलत नाही. शिवजयंतीच्या चित्ररथांत आम्ही दरवर्षी अफजलखानाचा वध उभा करतो. सेनियोचा बांध एकदा तरी उभा करावा, ही माझी गल्लीतल्या मंडळाकडे मागणी आहे आणि मी तिच्यासाठी वर्गणी काढायला तयार आहे.

पुस्तकावर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. बव्हेरिया राज्याकडे असलेला ‘माइन काम्फ’चा स्वामित्वहक्क २०१५ अखेर संपला, तेव्हा म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेने पुढच्याच वर्षी हजारो टिपांसह त्याची आवृत्ती काढली आणि त्यातले खोटे त्या त्या पानावर दाखवून दिले. मराठीत असे काम व्हायला हवे आणि ते करण्याइतके जाणकार आपल्यात आहेत. तोवर गाड्यावरच्या दुकानदाराशी बोलता येते. मी बोललो आहे; तो ऐकून घेतो, पुस्तक खपते असे सांगतो, आणि ते रांगेतून मागे ठेवायला तयार होतो.

बोल्झानोत ठेवायचे की हटवायचे हा प्रश्न दगडाच्या स्मारकाचा होता. मुसोलिनीच्या राजवटीने १९२८ साली तिथे एक विजयस्मारक उभारले. फॅसिस्ट पक्षाला ज्यावरून नाव मिळाले त्या काठ्यांच्या जुडीच्या आणि कुऱ्हाडीच्या आकाराचे त्याचे खांब आहेत आणि वर लॅटिनमध्ये कोरले आहे की इथून आम्ही इतरांना भाषा, कायदे आणि कला यांनी सुसंस्कृत केले. युद्ध संपले तरी स्मारक उभेच राहिले. जर्मन बोलणाऱ्यांना ते असणे हा अपमान वाटे आणि इटालियन बोलणाऱ्या अनेकांना ते पाडणे हा अपमान वाटे. अखेर २०१४ मध्ये त्याच्या तळघरात त्या काळाचे पूर्ण प्रदर्शन उघडले आणि एका खांबाभोवती प्रकाशाचे कडे बसवले. जवळच पूर्वीच्या फॅसिस्ट पक्ष कार्यालयावर घोड्यावर बसलेल्या मुसोलिनीचे भव्य शिल्प आहे, ज्याच्यावर ‘विश्वास ठेवा, आज्ञा पाळा, लढा’ अशी घोषणा आहे. २०१७ मध्ये त्या शिल्पावर विदुषी हाना आरेंट यांचे एक वाक्य प्रकाशाच्या अक्षरांत बसवले गेले: आज्ञा पाळण्याचा अधिकार कुणालाच नाही. ते जर्मनमध्ये आहे, इटालियनमध्ये आहे आणि लादीनमध्येही आहे. लादीन बोलणारे त्या प्रांतात शंभरांत पाचही नाहीत.